डाख न लावता जोडलेलं पदक सारखं सैल होतंय? हातोडी उचलण्याआधी भोक मोजा

जुन्या कुलपाची पितळी चावी, बंद पडलेल्या घड्याळाचं चक्र, घासून गुळगुळीत केलेला करवंटीचा तुकडा, भोकाचा पैसा. अशा सापडलेल्या, साठवलेल्या वस्तू एकमेकींना जोडून मी दागिने करते आणि करते त्याहून जास्त दुरुस्त करते. यात डाख नाही, टाकणखार नाही, फुंकणी नाही. जोड असतो तो कडीचा, गुंडाळलेल्या तारेचा, रिव्हेटचा (थरांच्या भोकांतून घालून दोन्ही टोकं ठोकून पसरवलेल्या तारेचा), बारीक नट-बोल्टचा नाहीतर दुमडलेल्या पत्र्याच्या नख्यांचा. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक वस्तूंची तक्रार एकच असते: जोड सैल झाला, ठोकून घट्ट केला, पंधरा दिवसांत पुन्हा सैल.

हाच बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे की आता वस्तू हातात आली की कुठून पाहायचं ते ठरून गेलंय. तोच क्रम इथे देते. पैसे न लागणारं आधी, मोडून नव्याने करावं लागणारं शेवटी.

लक्षणं

आधी तुमच्या वस्तूचं नेमकं काय होतंय ते बघा, कारण "सैल झालं" या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळे बिघाड लपलेले असतात.

दोन थर एकमेकांवर फिरतात. चक्र चावीवर सरळ बसवलं होतं, ते आता घड्याळाच्या काट्यासारखं हवं तिकडे वळतं.

थर फिरत नाहीत, पण कानाशी धरून हलवलं की खुळखुळ ऐकू येते.

गळ्यात साखळी आहे, पदक नाही. हे सर्वांत वाईट, कारण वस्तू बसमध्ये की बाजारात पडली ते कळायलाही मार्ग नसतो.

तारेचं टोक ओढणीला किंवा केसांना अडकतं. आठवड्यापूर्वी अडकत नव्हतं.

रिव्हेटच्या डोक्याच्या कडेला चिरा पडल्या आहेत, डोकं फुलासारखं फाटलंय.

जोडाभोवती पांढरी पूड, हिरवट थर किंवा तांबूस गंज दिसतो.

गोंदाने चिकटवलेला तुकडा एका कडेने पापुद्र्यासारखा उचलला गेलाय.

एकाच वस्तूत दोन-तीन लक्षणं सोबत असू शकतात. तसं असेल तर जिथे धातूचा रंग बदललाय तिथून सुरुवात करा. का, ते पुढे येईल.

पहिली तपासणी: नेमकं हलतंय काय?

खिडकीजवळ बसा, वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवा. एक थर अंगठा आणि तर्जनीत पक्का धरा, दुसऱ्या हाताच्या नखाने दुसरा थर हळूच ढकला. मग रिव्हेटच्या डोक्याला नख लावून तेच करा. रिव्हेट एका थरासोबत हलतो की दोन्ही थरांमध्ये मोकळा आहे? कडी हलते की ज्या भोकात कडी आहे ते भोकच लांबट झालंय?

दोन मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण ते टाळून सरळ हातोडी घेतात. बिघाड कडीत आणि ठोकला रिव्हेट, असं झालेल्या वस्तू माझ्याकडे येतात तेव्हा त्यांत एकाऐवजी दोन बिघाड असतात.

दुसरी तपासणी: कडी

कडीची दोन टोकं जिथे भेटतात तिथे शिवणाचा साधा दोरा घालून बघा. दोरा फटीतून बाहेर निघाला तर पदकही कधीतरी निघणार. टोकांमध्ये प्रकाशाची रेघसुद्धा दिसता कामा नये.

कडी उघडताना टोकं एकमेकांपासून दूर ओढायची नाहीत. दोन पकडींनी दोन्ही बाजू धरून एक टोक पुढे, एक मागे, अशी दारासारखी फिरवायची. ओढून उघडलेल्या कडीची गोलाई जाते आणि ती पुन्हा नीट मिटत नाही. बंद करताना टोकं एकमेकांच्या थोडी पलीकडे नेऊन परत आणा. असं दोन-तीनदा केलं की तार जराशी कडक होते, टोकं एकमेकांवर दाबून बसतात आणि शेवटी "टक्" असा बारीक स्पर्श जाणवतो.

मऊ तांब्याची बारीक कडी जड चावीला कधीच पुरत नाही. चावी, नाणी, कुलपाचे भाग यांना मी निदान एक मिलिमीटर जाडीची तार वापरते आणि आतला व्यास चार-पाच मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाही. तार तीच ठेवून कडी मोठी केली की ती सहज ताणते. वजन जास्त असेल तर किल्ल्यांच्या गुच्छाला असते तशी दोन वेढ्यांची बारीक कडी घ्या. ती दिसायला जराशी जाड वाटते, पण फट नसल्यामुळे वस्तू निसटायला वाटच राहत नाही.

तिसरी तपासणी: भोकाची कड

कडी ठीक आहे आणि तरी तार झिजतेय, तर भोकाच्या आतल्या कडेवरून सुई फिरवा. अडखळली तर तिथे कूस आहे. ड्रिल केल्यावर पत्र्याच्या मागच्या बाजूला उभी राहणारी ती धारदार किनार कडीच्या तारेला करवतीसारखी कापत राहते. त्याहून वाईट म्हणजे दोन थरांच्या मध्ये कूस राहिली तर थर एकमेकांवर सपाट बसत नाहीत. रिव्हेट मारताना सगळं घट्ट वाटतं, मग वापरात कूस चेपते आणि तेवढ्या जाडीची फट मोकळी होते. "ठोकलं तेव्हा घट्ट होतं, नंतर आपोआप सैल झालं" या गाऱ्हाण्यामागे कितीतरी वेळा एवढंच असतं.

उपाय फुकट आहे. भोकाच्या दुप्पट मापाचं ड्रिलचं बिट बोटांत धरून भोकाच्या तोंडावर दोन-तीन वळसे फिरवायचं, मशीन लावायचं नाही. मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर.

भोक पत्र्याच्या कडेपासून किती आत आहे तेही बघून घ्या. दीड-दोन मिलिमीटर धातू शिल्लक नसेल तर भोक ओढलं जाऊन लांबट होतं आणि एक दिवस कड तुटते. तिथे दुरुस्ती करत बसू नका, दुसरीकडे नवं भोक पाडा.

चौथी तपासणी: गुंडाळलेली तार

गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी, समुद्रावरचा दगड, काचेचा तुकडा यांना घरी भोक पाडणं अवघड, म्हणून त्यांना तारेचा पिंजरा करतात. तार स्वभावाने थोडी मागे उसळते. गुंडाळताना घट्ट वाटलेले वेढे दुसऱ्या दिवशी केसभर सैल असतात, कारण आपण बोटांनी ओढलेलं असतं, पकडीने दाबलेलं नसतं. प्रत्येक वेढ्यानंतर चपट्या तोंडाच्या पकडीने वेढा शेजारच्या वेढ्यावर दाबा. टोक कापल्यावर ते आत वळवून दाबा, मग त्यावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. मोजा अडकला तर ओढणीही अडकणार.

वस्तू धातूची किंवा करवंटीची असेल तर एक खात्रीचा मार्ग आहे: जिथून तार जाते तिथे कडेला त्रिकोणी कानशीने अर्ध्या मिलिमीटरची खाच करायची. गुळगुळीत कडेवरून तार कधी ना कधी सरकतेच, खाचेत बसलेली सरकत नाही. चावीच्या मानेला अशी खाच केली तर रिव्हेटची गरजही उरत नाही. काचेवर मात्र खाच करायला जाऊ नका.

पाचवी तपासणी: तार आणि भोक, दोन्हींचं खरं माप

आता मुद्द्यावर येते. थर फिरत असतील किंवा रिव्हेट खुळखुळत असेल तर माझ्या अनुभवात मूळ दोष बहुतेकदा इथेच असतो. भोक तारेपेक्षा मोठं असतं. आणि ते मोठं का होतं, याचं कारण आपल्याकडे फार ठरलेलं आहे.

मी सुरुवातीला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून अठरा नंबरची तांब्याची तार आणली. व्हिडिओत सांगितलं होतं, अठरा गेजला (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) एक मिलिमीटरचं भोक. पाडलं. तार आत जाईना. मग तेच ड्रिल हाताने जरा हलवत फिरवलं, भोक वाढलं, तार गेली, रिव्हेट ठोकला. महिनाभरात सैल. चार वस्तू अशा गेल्या, तेव्हा कुठे मी तार मोजली.

आपल्याकडची वाइंडिंगची दुकानं ब्रिटिश गेज वापरतात, एसडब्ल्यूजी. परदेशी व्हिडिओ आणि तिथून येणारी दागिन्यांची तार बहुधा अमेरिकन गेजची असते, एडब्ल्यूजी. नंबर तेच, जाडी वेगळी. ब्रिटिश १६ म्हणजे १.६३ मिलिमीटर, अमेरिकन १६ म्हणजे १.२९. ब्रिटिश १८ म्हणजे १.२२, अमेरिकन १८ म्हणजे १.०२. ब्रिटिश २० म्हणजे ०.९१, अमेरिकन ०.८१. ब्रिटिश २२ म्हणजे ०.७१, अमेरिकन ०.६४. दोन दशांश मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण रिव्हेटच्या बाबतीत तेवढ्यावरच सगळा खेळ आहे. उलटी चूकही होते: तार ऑनलाइन मागवलेली, म्हणजे १.०२ ची, आणि भोक इथल्या कोणी सांगितलं म्हणून १.२ चं. हा रिव्हेट पहिल्या ठोक्यापासूनच आत वाकडा होतो. वरून डोकं छान दिसतं, आत तार नागमोडी असते.

बारीक जाडी मोजायचं व्हर्निअर असेल तर उत्तम. नसेल तर पेन्सिलीवर तारेचे दहा वेढे एकमेकांना चिकटून गुंडाळा आणि पट्टीने त्या दहा वेढ्यांची लांबी मोजा. बारा मिलिमीटर आली तर तार १.२ ची, दहा आली तर १ ची. खर्च शून्य. मी आता तार घरी आली की हे करूनच गुंडाळीवर मिलिमीटरमधलं माप लिहून ठेवते, गेज नंबर लिहीतच नाही.

वाइंडिंगच्या तारेवर लाखेसारखा चकचकीत थर असतो. तो पॉलिश पेपरने घासून काढा, मगच मोजा. हा थर ठोकताना सुटतो आणि जोडात धूळ होऊन राहतो.

भोक बरोबर आहे का, हे ओळखायची माझी परीक्षा सोपी आहे. पत्रा आडवा धरा, भोकात तार घाला, हात सोडा. तार आपल्या वजनाने खाली घसरली तर भोक मोठं. बोटाने हलकंसं ढकलल्यावर गेली आणि तिथेच थांबली तर बरोबर. भोक नेहमी किंचित लहान पाडावं आणि गोल कानशीने तार जाईल एवढंच वाढवावं. साध्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा १ आणि १.५ चं बिट मिळतं, मधलं मिळेलच असं नाही. ०.८, १.२ अशी मापं पीसीबीचं (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्यांचं) सामान ठेवणाऱ्या दुकानांत मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. ही बिटं ठिसूळ असतात, हात वाकडा झाला की तुटतात, म्हणून ड्रिल सरळ धरा आणि चष्मा घाला.

भोक मोठं झालेलंच असेल तर वस्तू फेकू नका. एक मार्ग म्हणजे जाड तार घेणे. दुसरा, मला जास्त आवडणारा, वायसर. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्याची बारीक टिकली कापायची, तिला तारेच्या नेमक्या मापाचं भोक पाडायचं आणि मोठ्या भोकावर दोन्ही बाजूंनी ठेवून रिव्हेट मारायचा. रिव्हेटचं डोकं मोठ्या भोकावर न बसता टिकलीवर बसतं. मधला थर टिकल्यांच्या दाबाने धरला जातो. शिवाय टिकली शोभेची करता येते.

सहावी तपासणी: रिव्हेट पुन्हा बसवता येईल का?

अडकित्ता सैल झाला की घरातली जाणती माणसं त्याचा खिळा दगडावर ठेवून दोन ठोके देतात. तोच उपाय इथे, पण एका अटीवर: भोक आणि तार यांचं माप बरोबर असेल आणि डोक्याला चीर नसेल तरच. अटी पूर्ण नसतील तर कितीही ठोका, आतली तार भोकात आणखी वाकेल एवढंच.

खालचं डोकं सपाट, जड पोलादावर टेकलं पाहिजे. जुन्या जड इस्त्रीचा तळ उलटा करून चालतो. खाली लाकूड किंवा पुस्तक असेल तर ठोक्याचा जोर तेच खाऊन टाकतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. हातोडी लहान, गोल तोंडाची. मधोमध दोन ठोके, मग कडेने गोल फिरत हलके ठोके. पाच-सहा झाले की वस्तू उलटी करून तेवढेच दुसऱ्या बाजूला. आवाज ऐका: सैल जोडाचा आवाज दुहेरी, फुटका येतो, घट्ट झाला की एकच टणक आवाज येतो.

डोक्याला चीर असेल तर थांबा. ठोकल्याने तांबं कडक होत जातं आणि एका मर्यादेनंतर फाटतं. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम करतात, त्यातही हेच घडतं: ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांड्याला बळ येतं, पण घडवताना मधूनमधून ते तापवून मऊ करावं लागतं. आपल्या रिव्हेटच्या तारेलाही ते हवंच. न तापवलेल्या कडक तारेचं डोकं पसरायच्या आधी फाटतं.

सातवी पायरी: रिव्हेट काढून नवा मारणं

इथून पुढे संध्याकाळ राखून ठेवा. एका बाजूचं डोकं कानशीने सपाट होईपर्यंत घासा, मधोमध खिळ्याने खूण करा, तारेपेक्षा बारीक बिटाने थोडं आत जा आणि उरलेली तार बारीक खिळ्याने खालून ढकलून काढा. भोक सांभाळा. घाईत मोठं बिट लावलं की पुन्हा पाचव्या तपासणीपाशी येता.

नव्या तारेचा तुकडा पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं असंच मऊ होतं. वरची काळी पुटं चिंच-मिठाने जातात. लाखेचा थर असलेली तार स्वयंपाकघरात तापवू नका, धूर वाईट असतो, आधी पूर्ण घासा. पितळेची तार असेल तर ती लाल-भडक करू नका, त्यातलं जस्त धुरावाटे जातं. खिडकी उघडी ठेवा.

लांबीवर सगळं अवलंबून आहे. दोन्ही बाजूंना तार आपल्या जाडीच्या साधारण निम्मी बाहेर राहिली पाहिजे. १.२ च्या तारेला ०.६ मिलिमीटर. दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. मी अशा दोन कार्डांना भोक पाडून ठेवलंय. ती तारेवर चढवायची आणि कार्डाच्या वर आलेली तार कापून घासून टाकायची. जास्त ठेवली तर ती फुलत नाही, आडवी पडते. कमी ठेवली तर डोकंच होत नाही. कापलेली टोकं कानशीने अगदी सपाट करा. तिरकं टोक पहिल्या ठोक्यालाच एका बाजूला झुकतं.

थर फिरू नयेत असं वाटत असेल तर रिव्हेट दोन लागतात. एका रिव्हेटवर थर कधी ना कधी फिरणारच. तो दोष नव्हे, सायकलच्या चेनची कडी ज्यामुळे वळते तोच गुण इथे नको असतो. दोन रिव्हेटसाठी सगळी भोकं आधी पाडून ठेवू नका. वरच्या थराला दोन्ही पाडा, खालच्याला एकच. पहिला रिव्हेट मारा, थर हवे तसे जुळवा आणि मग वरच्या दुसऱ्या भोकातून बिट घालून खालचं भोक पाडा. आधी पाडलेली दोन भोकं कधीच जुळत नाहीत, मग ती जुळवायला भोक मोठं केलं जातं, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. याउलट थर मुद्दाम फिरता हवा असेल तर दोन्ही थरांमध्ये पातळ कागद ठेवून रिव्हेट मारा आणि मग कागद फाडून काढा.

करवंटी, शिंपला, चिनी मातीच्या बशीचा तुकडा यांवर सरळ रिव्हेट ठोकू नका. दोन्ही बाजूंना वायसर द्या आणि अगदी हलक्या हाताने. त्यातही शिंपला आणि चिनी मातीला मी आता हातोडी लावतच नाही, चष्मेवाल्याकडे मिळतो तसा बारीक नट-बोल्ट वापरते. बोल्ट सैल होण्यावर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो, नट आवळल्यानंतर आट्यांवर टाकायचा. शिंपला घासताना, भोक पाडताना तो पाण्यात ओला ठेवा आणि तोंडाला मास्क बांधा. ती पूड छातीत जाऊ देऊ नका.

आठवी: धातूंचं आपसात जमतं का?

सुरुवातीला म्हटलं होतं की रंग बदललेला दिसला तर तिथून सुरू करा. कारण असं की भोक बरोबर, तार बरोबर, ठोका बरोबर, आणि तरी सहा महिन्यांनी जोड सैल, हे धातू झिजल्यामुळे होतं. वेगवेगळे दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये घाम: खारट पाणी मिळालं की त्यातला एक झिजू लागतो. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हे लवकर दिसतं.

जुन्या पाच-दहा पैशांची नाणी अनेकांना वापरायची असतात. त्यातली बरीचशी अ‍ॅल्युमिनियमची. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे ती डब्यांत पडून असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्याला तांब्याचा रिव्हेट मारला की घामात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड पडते आणि भोक आतून मोठं होत जातं. ठोकून हे थांबत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्याला अ‍ॅल्युमिनियमचीच तार, हा माझा नियम आहे. चलनातल्या नाण्याला मात्र भोक पाडू नका. नाणी वितळवणं आणि नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. १९४३ ते १९४७ मध्ये पाडलेला भोकाचा पैसा मिळाला तर प्रश्नच मिटतो: कांस्याचा आहे, भोक आधीच आहे, तांब्या-पितळेशी त्याचं छान जमतं.

लोखंड आणि तांबं एकत्र असेल तर कोणता भाग लहान आहे ते बघा. तांब्याच्या मोठ्या पत्र्यात बारीक लोखंडी खिळा असेल तर सगळी झीज त्या एवढ्याशा खिळ्यावर येते आणि तो लवकर संपतो. उलट, मोठ्या लोखंडी चावीत तांब्याचा बारीक रिव्हेट बराच काळ टिकतो. म्हणून लोखंड-तांब्याच्या जोडात रिव्हेट नेहमी तांब्याचा ठेवा. चावीला पारदर्शक लॅकरचा हात द्या, घातल्यानंतर कोरड्या फडक्याने पुसा.

गोंदाबद्दल थोडक्यात. झटपट चिकटणारा गोंद धातूवर ठिसूळ होतो, त्याचा पांढरट धूर आसपासच्या भागावर बसतो आणि एका कडेने ओढ आली की तो सुटतो. दोन नळ्यांचा, सावकाश वाळणारा गोंद बरा, पण पृष्ठभाग खरवडून आणि तेलकटपणा काढून. लोंबणारा, हलणारा जोड गोंदावर सोडू नका. जोड रिव्हेटने किंवा तारेने करा, गोंद फक्त थरथर थांबवायला.

इथे थांबा

घड्याळाच्या जुन्या तबकडीवर अंधारात चमकणारे आकडे किंवा काटे असतील, किंवा आता चमकत नसलेला पण पिवळट-तपकिरी झालेला तो रंग असेल, तर काम तिथेच थांबवा. १९६० च्या दशकापर्यंत अशा रंगात रेडियम वापरलं जाई. चमक जाते, रेडियम राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. अशी तबकडी उघडायची नाही, घासायची नाही, भोक पाडायचं नाही, अंगावर घालायची नाही. बाजारात घड्याळांचे सुटे भाग निवडताना मी अशी तबकडी घेतच नाही.

वस्तू चांदीची किंवा सोन्याची निघाली, किंवा आहे की नाही अशी शंका आली, तर हातोडी ठेवून सोनाराकडे जा. भोक कडेपर्यंत फाटलं असेल आणि तीच वस्तू जपायची असेल तरीही. जाताना सोबत काय-काय धातू आहेत ते आठवणीने सांगा. शिसं, जस्त, अ‍ॅल्युमिनियम यांचा कण तापवताना चांदीत गेला तर चांदीला खड्डे पडतात, म्हणून काही कारागीर असं मिश्र काम घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. डाख लावायचा झाला तर शिंपला, करवंटी, रेझिन, गोंद आधी काढावं लागेल. मोठ्या शहरांत दागिन्यांच्या दुरुस्तीसाठी लेझर वेल्डिंग करणारे असतात, त्यात आच फार थोड्या जागेत लागते. असा कारागीर जवळ असेल तर आधी त्याला दाखवा.

कानातलं किंवा गळ्यातलं घातल्यावर खाज, पुरळ, पाणी येत असेल तर जोडाचा विचार नंतर. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. पुष्कळ नाण्यांतही निकेल असतं आणि ते अनेकांना सोसत नाही. वस्तू काढून ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. वरून लॅकर मारून पुन्हा घालू नका, लॅकर झिजतं.

आणि तोच जोड तिसऱ्यांदा सैल झाला तर दुरुस्ती थांबवून जोडाची रीतच बदला. ओळखीतल्या एका ताईंनी आजेसासूबाईंच्या कोठाराची चावी आणली होती, तिच्यावर चक्र रिव्हेटने बसवलेलं. दोनदा मी रिव्हेट बदलला, दोन्ही वेळा सैल. तिसऱ्यांदा नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की चावीची मान गोल आहे आणि सपाट चक्र त्या गोलाईवर फक्त एका रेषेत टेकतंय. तिथे कुठलाच रिव्हेट टिकला नसता. मी रिव्हेट काढला, मानेला दोन खाचा केल्या, मऊ तांब्याच्या तारेचे सहा वेढे दिले आणि चक्र त्या वेढ्यांतून निघालेल्या छोट्या कडीत लोंबतं ठेवलं. रिव्हेटचं जुनं भोक चावीत तसंच आहे. ताईंनी ते बुजवू दिलं नाही, त्यातून आता साखळी जाते.